सरजाबाईची चार टोपली

१

"मेली ती मेली, माझी चार टोपली पाण्यात ठिवून मेली. आता काढावीत कुनी?"

सरजाबाई हे कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती आपल्याशीच पुटपुटली. पण कुसुमबाई नर्स प्रेतावर चादर घालायला तिच्या शेजारीच वाकली होती, त्यामुळं ते सरळ तिच्या कानात पडलं. माणूस दुःखात काय काय बोलतं, त्याचं मोजमाप घेऊ नये, असं म्हणून कुसुमबाईनं ते सोडून दिलं. त्या दिवशी तिनं केलेली पहिली चूक ही.

चौऱ्याहत्तर सालचा मार्गशीर्ष. ताडकळसच्या पलीकडं, गंगेच्या काठी डोहगव्हाण. गोदावरीला तिथं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पाणी उतरलं की खडकांमधले डोह उघडे पडतात आणि भोईवाड्यातली सात घरं झिंग्यांवर जगतात. झिंगा म्हणजे वीतभर लांब, निळ्या नांग्यांचा, धरला तर बोट फाडणारा. बांबूच्या कामट्यांची टोपली विणायची, तोंड आत वळवायचं, म्हणजे आत गेलेला बाहेर येत नाही. सांजेला आमिष लावून डोहात सोडायची, सकाळी ओढायची. या कामात मनकर्णासारखा हात गंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा नव्हता. ती विधवा होती, एकटी होती, आणि सकाळी ती गुडघाभर पाण्यात पालथी सापडली होती.

ताडकळसहून आलेल्या दिनकरराव जमादारानं गुन्हेगार पकडूनही टाकला होता. चंद्रभान बाभळीला बांधलेला होता. तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. रोज सकाळी ओल्या पोत्यात जिवंत झिंगे घेऊन सायकलीवर पिंगळी स्टेशन गाठायचा. मेलेला झिंगा तिथं कुणी घेत नाही.

"ह्यानंच पहिल्यांदा पाहिलं," जमादार बोटं मोडत म्हणाला. "ह्याच्या हातावर ओरखडे. बाईच्या दंडावर बोटांचे वळ. मामला साफ हाय. चारला जीप येते, ह्याला घेऊन जातो. रात्रीपर्यंत कबूल करतोय बघा."

कसं कबूल करवतात ते कुसुमबाईला ठाऊक होतं. मागच्या साली असाच एकजण जीपमधून गेला होता; तो परत आला तेव्हापासून त्याला लघवीसाठी नळी घालून घ्यायला तिच्याकडंच यावं लागे.

"जमादारसाहेब, ओरखडे झिंग्यांचे आहेत. माझ्या दवाखान्यात रोज बघते मी. आणि वळ ओढून काढताना उठतात."

"तुमच्यातलाच ना हा?"

"माझ्यातलाच आहे," कुसुमबाई म्हणाली. "म्हणून तर दोनदा बघायलेय."

आजूबाजूचे हसले. गावाला तिच्या हातची सुई चाले, तिच्या माठातलं पाणी चालत नसे. त्यामुळं असं हसणं तिला नवं नव्हतं. तिनं चादर परत उचलली. बाई बुडून मेली म्हणत होते. पण जीभ दाताखाली सापडून अर्धी तुटली होती. मुठी अशा वळल्या होत्या की नखं तळव्यात रुतली होती. हे झटके आलेलं माणूस. कुसुमबाईनं तिचं गालफड दाबलं, तर आतून पिठाचा चिंचोक्याएवढा गोळा बाहेर आला.

"जेवताना मेली म्हना की," जमादार म्हणाला.

कुसुमबाईनं गोळा नाकाशी नेला. रॉकेलासारखा, पण त्याहून कडू वास. कपाशीवरनं वारा आला की हाच वास गावभर सुटतो. तिनं इनॅमलच्या ट्रेमध्ये पाणी घेतलं, चंद्रभानच्या पोत्यातला एक जिवंत झिंगा त्यात सोडला आणि गोळ्याची चिमूट टाकली.

झिंगा आधी जवळ गेला. मग मागं उसळला, ट्रेच्या काठावर आपटला, उताणा झाला. सगळे पाय कात्रीसारखे उघडमीट करत राहिले. मग तेही थांबले.

"एंड्रिन," कुसुमबाई म्हणाली. "ही बुडाली नाही. हिला घातलंय."

२

बाभळीखाली चंद्रभानच्या मनगटाला दोर रुतून हात वांग्याच्या रंगाचे झाले होते.

"ताई, मी वढून काढलं तिला. सोडून पळालो असतो तर बरं झालं असतं."

"झालं असतं," कुसुमबाई म्हणाली. "आता सांग. तिच्या तोंडात पीठ होतं. कसलं?"

"आमिषाचं. जवारीचं पीठ अन करडीची पेंड. चावून लावतेत."

"कोण चावतं?"

"ज्याची टोपली तो. थुंकी लागल्याशिवाय झिंगा आत यीत न्हाई म्हनतेत. गालात धरायचं, चावायचं, अन टोपल्यात लावायचं. म्हाताऱ्यायच्या वक्तापासून हेच हाय. आमिषाचं गाडगं बी जन्मात धूत न्हाईत. जुन्या वासानं माल लागतो."

मागं उभा असलेला जमादार थुंकला. "छ्या! मला दर सणाला झिंगे आणून देतेत, अन हे कुणी बोललं न्हाई."

"हे गावात कुणाकुणाला ठाऊक आहे?" कुसुमबाईनं विचारलं.

"भोईवाड्याला. भाईरच्याला सांगत न्हाईत, लोक खायचे न्हाईत म्हणून." चंद्रभान भाबडा होता, खरं बोलण्याची त्याला खोड होती. "अन मला. मी रोज बघतो ना."

जमादारानं टाळी वाजवली. "घ्या! आमिष चावतेत हे भाईरच्यात फक्त ह्याला ठाऊक. इख आमिषात. आता काय बाकी राह्यलं, बाई?"

कुसुमबाई दोर ढिला करायला गेली होती, आणि आपल्याच हातानं आणखी एक गाठ मारून बसली होती. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर चंद्रभानची बायको दोन्ही लेकरांना घेऊन जीप येणार त्याच जागी बसली होती. ती रडत नव्हती. जीप नेमकी कुठं उभी राहील, एवढंच तिनं कुणालातरी विचारून ठेवलं होतं.

३

कपाशीवर फवारायचं एंड्रिन माणिकराव पाटलाच्या कोठीत होतं. डोहाला लागून त्याची कपाशी, आणि भोयांनी बांधावरून जाऊ नये म्हणून त्यानं काटे टाकले होते. दसऱ्याला सगळ्यांदेखत तो मनकर्णाला म्हणाला होता, "एक दिवस डबा वततो तुझ्या डोहात, मंग बघतो काय धरतीस."

ओट्यावर बसून तो दात कोरत होता. कुसुमबाई खालीच उभी राहिली. वर बस असं तिला कुणी म्हटलं नाही.

"बोललो असंन," पाटील म्हणाला. "बोलायला काय जातं? पन वतायचं असतं तर डबा वतला असता. आमिषात कशाला घालत बसू? तिच्या तोंडात जायचं कसं ते?"

"आमिष चावून लावतात ते."

दात कोरणं थांबलं. "कोन चावतं?"

"बाया. तोंडात धरून, चावून. तेच झिंगे खातात. मग आपण झिंगे खातो."

पाटलाच्या चेहऱ्यावर जे आलं ते खोटं आणता येत नाही. दर शुक्रवारी त्याच्याकडं झिंग्यांचा रस्सा होत असे. भोयाला ओट्याला शिवू न देणारा हा माणूस. तो उठला, मोरीशी गेला आणि दोन तांबे पाण्यानं चुळा भरून आला. कुसुमबाईनं मनात त्याच्या नावावर काट मारली. याला ठाऊक नव्हतं.

"फवारणी कोण करतं तुमच्याकडं?"

"सटवाजी भोई. आठ दिस झाले, इथंच शेतात हाय. दिवसा फवारा, रात्री राखण. काल सांजच्याला भाकरीला म्हणून घराकडं गेला, घटकाभरात परत. बरा गडी हाय."

"सटवाजी म्हणजे मनकर्णाचा दीर? सरजाबाईचा नवरा?"

पाटलानं तोंड पुसलं. "भोईवाड्यातलं मला इचारू नका, नर्सबाई. तिथलं जे हाय ते समद्यायला ठाऊक हाय अन कुनी बोलत न्हाई. तुमी बी बोलू नका."

४

सरजाबाई दारात बसून टोपलं विणत होती. जबड्याला फडकं बांधलेलं, डोक्यावर गाठ. जाऊ मेलेली असताना विणत बसली म्हणून कुणी नावं ठेवली असती. पण टोपलं ओलं असतानाच वळावं लागतं, आणि उद्याचं पोट मयताला थांबत नाही. कामटी दाढेखाली धरून तिनं सर्रकन सोलली आणि कुसुमबाईला बघून पदर सावरला.

"दाढेचं कसं आहे?"

"तसंच हाय, नर्सबाई. ठणकायलंय. पाच दिस झाले. तुमी चंद्रभानच्या हाती गोळ्या धाडल्या त्या घेतल्या."

"मग आमिष कसं चावतेस?"

"मी कुठं चावते. बाई चावायची. मनकर्णाबाई." सरजाबाईनं नवी कामटी घेतली. "आधी आपली टोपली लावायची, मंग माझी चार. माझं आमिष माझ्या दारातून न्यायची पानात बांधून."

कुसुमबाईच्या कानात सकाळची कुरकुर परत वाजली. माझी चार टोपली.

"तुझं आमिष दाखव."

"संपलं." गाडगं चुलीशी पालथं होतं, राखेनं घासलेलं, लख्ख. कुसुमबाईनं ते उचलून बघितलं. काहीही वास नव्हता. तिनं ते ठेवून दिलं.

मनकर्णाचं गाडगं तिच्या खोपीत होतं, काळंकुट्ट, वर्षांचं किटण चढलेलं, तळाशी मूठभर आमिष. कुसुमबाईनं ते डोहाशी नेलं, ट्रेमध्ये नवा झिंगा घातला आणि वर ते आमिष टाकलं. झिंग्यानं नांगीनं उचलून निवांत खाल्लं. घटकाभर वाट बघितली. तो आणखी मागायला लागला.

मग तिनं जमादाराला सांगून टोपली बाहेर ओढायला लावली. मनकर्णाच्या टोपल्यांना चुन्याचा ठिपका असे, सरजाबाईच्या टोपल्यांना हिरवी चिंधी. ठिपक्याची नऊ निघाली; प्रत्येकात निळ्या नांग्या खडखडत होत्या. मग हिरव्या चिंधीचं पहिलं निघालं.

आतले सगळे झिंगे मेलेले होते. दुसऱ्यातले मेलेले. तिसऱ्यातले. चौथ्यात एक खेकडाही होता, तोही उताणा.

दिनकरराव जमादार तोंडाचा आ करून बघत राहिला. "म्हंजे?"

"म्हणजे विष मनकर्णाच्या आमिषात नव्हतंच," कुसुमबाई म्हणाली. "सरजाबाईच्या आमिषात होतं. मनकर्णा मेली ती दुसरीच्या वाटचं चावून."

५

तीन वाजले होते. भोईवाडा काठावर जमला होता, पाटीलही काठी टेकत आला होता. सटवाजीला शेतातून बोलावून आणलं होतं. फवाऱ्याचा पंप अजून पाठीवरच. चादरीकडं त्यानं एकदाही बघितलं नाही.

"ज्यानं विष घातलं," कुसुमबाईनं सुरुवात केली, आणि आपला आवाज बाळंतिणीला धीर देताना असतो तसाच ठेवला, "त्याला आमिष चावतात हे ठाऊक होतं. म्हणजे पाटील नाहीत. राहिले भोईवाडा आणि चंद्रभान."

"मी तेच म्हनायलोय सकाळपून," जमादार म्हणाला.

"थांबा. विष सरजाबाईच्या गाडग्यात घातलं. म्हणजे मारायचं होतं सरजाबाईला. पण तिची दाढ पाच दिवस सुजलीय आणि तिचं आमिष मनकर्णा चावतेय, हे घालणाऱ्याला ठाऊक नव्हतं. चंद्रभानला ठाऊक होतं. रोज सकाळी तो इथं असतो. दाढेच्या गोळ्या माझ्याकडून त्यानंच आणल्या. भोईवाड्यातल्या लेकराला सुद्धा ठाऊक होतं. सरजाबाई जबडा बांधून सगळीकडं फिरतेय. मग असा कोण, ज्याला चावणं ठाऊक, सरजाबाईचं गाडगं हाताशी, एंड्रिन हाताशी, आणि तरी पाच दिवसांतलं घरातलं काही ठाऊक नाही?"

सगळ्यांच्या नजरा सटवाजीच्या पाठीवरच्या पंपावर गेल्या, आणि तिथून त्यांनी झटकन काढून घेतल्या.

"काल भाकरीला गेलास तेव्हा बायको घरी होती?"

"न्हाई," सटवाजी म्हणाला. "गौऱ्या आणायला गेल्ती." आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

तो पळाला नाही. दोन पावलं चालला, चादरीपाशी गुडघ्यावर आला. पंप डोक्यावरून पुढं कलंडला आणि त्यातलं पांढरं पाणी वाळूवर सांडत राहिलं.

"मनकर्णे!" तो ओरडला. "मनकर्णे, तू कशाला चावलीस गं!"

थोरल्या भावाच्या बायकोला वैनी म्हणतात. बारा वर्षं तोही सगळ्यांदेखत वैनीच म्हणत आला होता. भोईवाड्यातल्या बायांनी माना खाली घातल्या. म्हाताऱ्यांनी नदीकडं बघितलं.

"पाट लाव म्हणलो तिला," सटवाजी वाळूला सांगत होता. "तीनदा म्हणलो. ती म्हणली, सरजा हाय तवर माझ्या दारात येऊ नको. सरजा हाय तवर..."

बिचारीनं त्याला हाकलून दिलं होतं. त्यानं ते बोलणं अट म्हणून घेतलं.

जमादारानं बाभळीचा दोर सोडला आणि तोच सटवाजीला बांधला. दुसरा आणलाच नव्हता. चंद्रभानला कुणी काही म्हणालं नाही. तो हात चोळत उभा राहिला, मग सायकलीकडं गेला. सकाळपासून ती बिनवाली पडली होती, तेवढ्यात कुणीतरी तिची सीट काढून नेली होती. त्यानं इकडं तिकडं बघितलं. ज्यांच्याकडं बघितलं ते सगळे उद्या त्याला माल देणार होते. तो सायकल हातानं ढकलत बायकोकडं चालू लागला.

"पोत्यातले झिंगे तेवढे पाण्यात सोडून जा रे," पाटील मागून म्हणाला. "मरतील उगं."

चारला जीप आली आणि गेली.

६

बाया मनकर्णाला न्हाऊ घालत होत्या. तीन दगडांवर पाणी तापत होतं. पुरुष लाकडं आणायला गेले होते. कुसुमबाईला कुणी जा म्हटलं नव्हतं, म्हणून ती राहिली. सरजाबाई मेलेल्या जावेच्या केसांतली वाळू काढत होती. हळूहळू, एकेक बट सोडवून, पोटच्या पोरीची काढावी तशी.

एक तिढा राहिलाच होता. सकाळी गालफडातून गोळा काढला तेव्हा रात्रभर पाण्यात राहूनही नाकाशी नेताच त्याचा वास आला. मनकर्णानं तर तो चावला, चार टोपल्यांचा. उभा जन्म आमिषावर गेलेल्या बाईला वास आला नसेल?

आणि गाडगं. जन्मात न धुतलेलं गाडगं काल राखेनं का घासलं?

"सरजाबाई," ती म्हणाली, "जरा इकडं बघ. दाढ बघू दे."

"असू द्या, नर्सबाई."

"बघू दे."

कुसुमबाईनं तिच्या डोक्यावरची गाठ सोडली. फडकं गळून खांद्यावर आलं. जबडा सरळ होता. दोन्ही गाल सारखे. दुपारी दाढेखाली कामटी धरून सोलली होती ती याच जबड्यानं, आणि कुसुमबाई समोर उभी राहून बघत होती.

"सूज कधी उतरली?"

तांब्यानं पाणी घालणारी बाई थांबली. दुसरीनं चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढलं. सहा बाया होत्या तिथं, आणि सहाही जणींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. म्हणजे सूज उतरल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच ओढ्यावर तोंड धुणाऱ्या बायांना ते ठाऊक असणारच.

"परवा उतरली," सरजाबाई म्हणाली.

"मग काल तू का नाही चावलंस?"

सरजाबाईची बोटं केसांत चालत राहिली. एक बट सुटली, तिनं ती मागं नेली, दुसरी घेतली.

"गौऱ्या घिऊन आले तर गाडगं जागचं हाललं व्हतं. झाकन काढलं अन वास आला. आठ दिसानं आलेला नवरा भाकर न खाता गेला व्हता, अन वास त्येच्या अंगाचा. कळलं मला. बसून राह्यले. फेकून द्यावं म्हणलं. तेवढ्यात ही दारात आली. हसत आली. म्हणली, सरजे, आन तुझं आमिष, दिस बुडायलाय."

"सरजे, गप," म्हातारी सुलाबाई म्हणाली. "गप बस. झालं ते झालं."

"तिनं पान उघडलं, नाकाला लावलं." सरजाबाईनं मनकर्णाच्या कपाळावरची ओली वाळू अंगठ्यानं पुसली. "म्हणली, सरजे, ह्याला कसला वास यायलाय गं? मी म्हणले, पेंड जुनी हाय, बाई. चाव."